एनओसी न घेता राहायला आलेले सभासद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



समितीने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मनात विषय होता ‘नॉमिनेशन आणि मृत्युपत्र’. सदतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा तरी काय करणार? पण मी विषय बदलून मागितला. म्हटलं, मला आपल्या सोसायटीतल्या अनधिकृत रहिवाशांबद्दल बोलायचं आहे. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. त्यांना वाटलं, मी कुणाच्या तरी पोटभाडेकरूचं प्रकरण काढतोय! तसं काही नाही. मी बोलणार आहे झाडाझुडपांबद्दल. गाजर गवत, सुबाभूळ, गिरिपुष्प, जलपर्णी, घाणेरी. यांपैकी कुणीही आपल्याकडून ना-हरकत दाखला घेतलेला नाही, मेंटेनन्स भरलेला नाही, आणि जागा मात्र दरवर्षी वाढवून घेतलेली आहे.

मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. मग या विषयात कसा पडलो, ते आधी सांगतो. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती याच सभागृहात झालेली आहे.

सन २००४ ची वार्षिक सर्वसाधारण सभा. मी खजिनदार होतो. सोसायटी नवी होती, पाण्याच्या टँकरचा खर्च डोक्यावर होता. अंदाजपत्रकात एक बाब होती : ‘मागील मोकळ्या जागेतील गवत काढणे, वर्षातून दोन वेळा, रुपये २,४००.’ मी त्यावर लाल पेनाने रेघ मारली. सभेत उभं राहून म्हणालो, “गवतच आहे, पावसाळा संपला की वाळून जाईल. सभासदांचा पैसा त्यात कशाला घालायचा?” लोकांनी बाकं वाजवली. मला त्या दिवशी फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं.

ते गवत म्हणजे गाजर गवत होतं. ते वाळलं, हे खरं. पण वाळण्याआधी त्याने बी टाकलं. पुढच्या पावसाळ्यात दुप्पट जागेत आलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात नाल्यापासून आमच्या विंगच्या भिंतीपर्यंत पांढरी चादर अंथरल्यासारखं पसरलं. लांबून पाहिलं तर छान दिसायचं, खोटं कशाला बोलू!

२००६ च्या पावसाळ्यात आमच्या सौ.च्या मानेवर लाल चट्टे उठले. मग पापण्या सुजल्या, कोपरांच्या खोबणीत खाज सुरू झाली. आम्ही साबण बदलला, कपड्यांची पावडर बदलली, गळ्यातली साखळी काढून ठेवली. शेजारच्या काकूंनी सांगितलेला लेप लावला. हिवाळा सरला की जरा बरं वाटायचं, पावसाळा आला की पुन्हा तेच. तीन पावसाळे असे गेले. रात्र-रात्र ती झोपायची नाही. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी तपासताना एकच प्रश्न विचारला, “घराजवळ गाजर गवत आहे का?” नंतर पाठीवर पट्ट्या लावून चाचणी केली आणि निदान पक्कं झालं. डॉक्टर म्हणाले, “औषध मी देतो, पण कारण तुमच्या खिडकीखाली उभं आहे.”

मी हिशेबाचा माणूस. घरी आल्यावर तीन वर्षांच्या पावत्यांची बेरीज केली. आकडा सांगत नाही, पण त्यात ते गवत कैक वर्षं काढून झालं असतं. आणि तिच्या त्या रात्री कुठल्या खात्यात टाकायच्या, हे मला आजपर्यंत समजलेलं नाही. त्या दिवसापासून मी या विषयावर वाचायला लागलो. ते वाचलेलं आज तुमच्यापुढे ठेवतो.

आता या पाहुण्याची थोडी ओळख करून घेऊ. गाजर गवताचं मूळ गाव अमेरिका खंडात, मेक्सिकोच्या आसपास. पानं गाजराच्या पानांसारखी, म्हणून हे नाव. दुसरं नाव काँग्रेस गवत. पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून, की त्या काळी सत्तेवर काँग्रेस होती म्हणून, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालणारे लोक मी पाहिले आहेत. पण एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची. स्वतंत्र भारतात या गवताची ठळक नोंद पहिल्यांदा झाली ती आपल्या पुण्यात, १९५५ च्या सुमारास. म्हणजे आपण पुणेकर या बाबतीतही पहिलेच!

सर्वसाधारण समज असा की हे बी अमेरिकेतून पी.एल. ४८० करारातल्या गव्हाबरोबर आलं. मला तारखा तपासायची सवय. तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, म्हणजे गवत दिसल्यानंतर. तेव्हा फक्त त्या कराराला दोष देता येत नाही. अर्थात अमेरिकन गहू त्याच्या आधीपासून, १९५१ च्या धान्य-कर्जापासूनच येत होता. त्यामुळे गव्हाबरोबर आलं असेल, हे शक्य आहे. पण यातून एक धडा घ्यावा. धान्याचं पोतं उतरवताना त्यात तिळापेक्षाही बारीक असं दुसरं काय आहे, हे कुणी पाहत नाही. भूक लागलेली असताना तर नाहीच नाही.

आता हिशेब बघा. बालमित्रांनो, तुम्ही पण बघा, चक्रवाढ व्याज शाळेत शिकवलं असेल. गाजर गवताच्या एका चांगल्या वाढलेल्या झाडाला पंधरा हजारांच्या वर बिया येऊ शकतात. आपण सावध धरू. पंधरा हजार धरू आणि शंभरातली एकच बी रुजली असं मानू. पहिल्या पिढीत १५० झाडं. दुसऱ्या पिढीत २२,५००. तिसऱ्या पिढीत ३३,७५,०००. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात जागा आणि पाणी संपतं. पण उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलावर येणाऱ्या झाडाला तीन पिढ्या व्हायला काही तीन वर्षं लागत नाहीत. बँकेत आम्ही म्हणायचो, थकबाकी पहिल्या हप्त्याला पकडावी. दहाव्या हप्त्याला पकडायला वकील लागतो. इथेही तसंच आहे. पहिलं झाड उपटायला दोन बोटं पुरतात.

बरं, हे गवत नुसती जागा अडवत नाही. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते मातीत उतरतं आणि शेजारच्या बियांना नीट रुजू देत नाही. माणसाला त्वचेचे आणि दम्याचे त्रास होतात ते वेगळेच. जनावरं सहसा तोंड लावत नाहीत; चुकून खाल्लं तर दूध कडवट लागतं. म्हणजे चराऊ कुरण हिरवं दिसतं, पण गाय उपाशी.

आता इथे मला एक खुलासा केला पाहिजे. परदेशी म्हणजे वाईट, असं माझं बिलकूल म्हणणं नाही. आज जेवणात जे आहे त्यावरच नजर टाका. बटाट्याची भाजी, तिच्यातली मिरची, कोशिंबिरीतला टोमॅटो, उपासवाल्यांसाठी शेंगदाण्याची आमटी आणि साबुदाण्याची खिचडी. हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. सीताफळ, पेरू, पपई तिकडचीच. दसऱ्याला आपण दाराला बांधतो तो झेंडूसुद्धा मेक्सिकोकडचा! हे सगळे बाहेरून आले आणि आपल्या घरात नीट नांदले. सांगितलं तेवढ्याच वाफ्यात राहिले, टेकडीवर पसरून तिथल्या झाडांना त्यांनी हाकलून दिलं नाही. २०२३ मध्ये आय.पी.बी.ई.एस. या आंतरराष्ट्रीय मंडळाने मोठा अहवाल काढला. माणसाने जगभर इकडून तिकडे नेलेल्या जिवांच्या ३७,००० हून अधिक जाती त्यांनी मोजल्या. त्यातल्या उपद्रवी ३,५०० हून थोड्या जास्त. म्हणजे साधारण दहातली एक. पण ती एक काय करते? जगातून आजवर ज्या प्रजाती नष्ट झाल्या, त्यांतल्या ६० टक्क्यांच्या बाबतीत अशा घुसखोरांचा हात होता. आणि नुकसान २०१९ सालात ४२३ अब्ज डॉलर. हे नुकसान १९७० पासून दर दहा वर्षांनी निदान चौपट होत आलं आहे.

अजून एक. ही उपमा कृपा करून माणसांना लावू नका. आपल्या सोसायटीत विदर्भातली मंडळी आहेत, कोकणातली आहेत, केरळची आणि राजस्थानचीही आहेत, आणि आपण सगळेच पंचवीस वर्षांपूर्वी बाहेरून इथे राहायला आलो. मी झाडांबद्दल बोलतोय, झाडांपुरतंच.

मग एखादं झाड तिकडे साधं असतं आणि इकडे येऊन गुंड का होतं? त्याच्या मूळ गावी त्याला खाणारे किडे असतात, बुरशी असते, बरोबरीने वाढणारी झाडं असतात. तो सगळा पहारा मागे राहतो आणि झाड एकटं पुढे येतं. आपल्याकडच्या जिवांचंही बाहेर तेच होतं. आपली साळुंकी, रोज पार्किंगमध्ये भांडत असते ती. तिला १८६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात नेलं, पिकावरचे किडे खाईल म्हणून. आज तिथे ती उपद्रवी ठरली आहे. तिथल्या पक्ष्यांच्या झाडांतल्या ढोल्या बळकावते. आपलं मुंगूस १८७२ मध्ये कोलकात्याहून जमैकात नेलं, उसातले उंदीर मारायला. त्याने उंदीर खाल्ले, आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, साप हेही खाल्ले. तेव्हा दोष साळुंकीचा नाही आणि मुंगसाचाही नाही. नेणाऱ्याचा आहे.

नेणाऱ्यांमध्ये मीही आहे. १९८३ च्या सुमाराला मी नगर जिल्ह्यातल्या एका शाखेत शेतीकर्ज बघायचो. त्या काळात सुबाभळीचा मोठा बोलबाला होता. लवकर वाढते, जनावरांना पाला, चुलीला सरपण, कागद कारखान्याला लाकूड, शिवाय मुळं जमिनीला नत्र देतात. मी स्वतः मोटारसायकलवरून फिरून सुबाभळीची कर्जप्रकरणं केली. ती योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही; दुष्काळात त्या पाल्याने जनावरं जगलेली मी पाहिली आहेत. पण शेंगा पिकण्याआधी झाड छाटत राहिलं तरच सुबाभूळ शेतात राहते. छाटणी थांबली की ती ओढ्यात, बांधावर, टेकडीवर जाते. कर्ज देताना आम्ही रोपांची संख्या लिहायचो, पाण्याची सोय लिहायचो. छाटणी कोण करणार, हा रकाना फॉर्मवर नव्हताच. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी जिवांची जी यादी प्रसिद्ध आहे, तिच्यात सुबाभूळ आहे, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

आता आपल्या मागच्या भिंतीकडे या. जुन्या सभासदांना आठवत असेल, २००१ मध्ये आपण वृक्षारोपण केलं होतं. त्या वेळी अट एकच होती : लवकर हिरवं दिसलं पाहिजे. गिरिपुष्पाच्या काठ्या फुकट मिळाल्या, त्या आपण भिंतीलगत रोवल्या. काठी रोवली की झाड! फोटो काढले, नारळ फोडला. गिरिपुष्प म्हणजे ग्लिरिसिडिया, आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात, कारण तिकडे तिच्या बिया-साली उंदीर मारायला वापरतात. मूळ गाव पुन्हा मेक्सिको आणि मध्य अमेरिका. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलं येतात तेव्हा बी विंगच्या गच्चीतून दृश्य सुंदर दिसतं, मधमाश्याही येतात, हे मान्य. पण उन्हाळ्यात शेंगा तडतड फुटतात आणि बी लांब उडतं. भिंतीपलीकडच्या टेकडीच्या उतारावर आज जी दाट रोपं आहेत, ती आपल्या झाडांची मुलं-नातवंडं आहेत.

टेकडीवर आधी काय होतं? बाहेरच्याला वाटतं उजाड माळ होता, आपण हिरवा केला. पुण्याच्या या टेकड्या मुळात गवताळ आणि विरळ झाडीच्या. सालई, मोई, खैर, गणेर, मेडशिंग, मधूनमधून बोरी, आणि खाली कमरेएवढं गवत. त्या गवतात चंडोल घरटी करतात, तित्तर दडतात. उन्हाळ्यात हे सगळं पिवळं पडतं, म्हणून आपल्याला ते मेलेलं वाटतं. ते मेलेलं नसतं, पावसाची वाट पाहत असतं. गिरिपुष्पाची दाट सावली झाली की ते गवत संपतं आणि गवताबरोबर त्यातले किडे आणि पक्षीही जातात. वरून हिरवं, खालून रिकामं. ताळेबंदाच्या भाषेत सांगायचं तर मालमत्ता फुगवून दाखवलेली, आत काही नाही.

हे फक्त आपल्या भिंतीचं दुखणं नाही. घाणेरी, म्हणजे टणटणी, इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कोलकात्याच्या बागेत शोभेसाठी आणली. आज भारतातल्या वाघांच्या जंगलापैकी चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्राला ती धोका आहे, असं २०२० च्या एका अभ्यासात दिसलं. तिच्या जाळीखाली चारा उगवत नाही. चारा नाही तर हरीण नाही, हरीण नाही तर वाघ नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, तीही जांभळ्या फुलांसाठीच आणलेली. बंगालमध्ये तिने नद्या आणि भातखाचरं इतकी अडवली की १९३६ मध्ये खास जलपर्णीसाठी कायदा करावा लागला. अनुकूल परिस्थितीत ती दोन आठवड्यांच्या आसपास दुप्पट होते. आपल्या मुळा-मुठेत दर वर्षी यंत्रं लावून काढतात आणि दर वर्षी परत येते. कारण तिचं जेवण म्हणजे सांडपाणी, आणि ते आपण रोज वाढतोच आहोत. जेवण चालू ठेवून पाहुण्याला ‘आता निघा’ म्हणण्यासारखं आहे ते.

आता तुम्ही म्हणाल, काका, नुसतं घाबरवताय, उपाय सांगा. सांगतो. पहिली गोष्ट यशाची. माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावाभोवती फड्या निवडुंगाची रानं होती. वाट सापडायची नाही. मी लहान असताना ती जवळजवळ गेलेली होती. मला वाटायचं, लोकांनी तोडली असतील. खरी गोष्ट वेगळी. लाल रंग देणारा किडा मिळवायचा म्हणून १७९५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात ब्राझीलमधून किडे आणले. किडा चुकीचा निघाला, रंग काही नीट मिळाला नाही. पण निवडुंगाची एक जात मात्र त्याने फस्त केली! मग १९२६ मध्ये त्याचाच एक भाऊबंद मुद्दाम श्रीलंकेतून आणला आणि फड्या निवडुंग आटोक्यात आला. पहारेकरी मागे राहिला होता, त्याला नंतर बोलावून घेतलं, असं समजा.

गाजर गवतासाठी तोच प्रयोग झाला. १९८३ मध्ये मेक्सिकोहून एक भुंगा बंगळुरूला आणला. आधी बंदिस्त ठेवून तो आपली पिकं खातो का हे तपासलं आणि मगच सोडला. पुढे सूर्यफुलाबद्दल शंका निघाली, तिचीही चौकशी झाली. मुंगसाच्या गोष्टीत आणि या गोष्टीत फरक आहे तो या तपासणीचा. म्हणून कुणीही आपल्या मनाने कुठला किडा, मासा, कासव आणून सोडायचं नाही. हा भुंगा पावसाळ्यात पानं खाऊन चाळणी करतो. पावसाळ्यात आपल्या मागच्या जागेतही पट्टे असलेला छोटा पिवळसर भुंगा दिसेल. मुलांनो, त्याला मारू नका. पण तो एकटा पुरत नाही. तो मदतनीस आहे, कंत्राटदार नाही.

घाणेरीसाठी प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी एक साधी पद्धत दाखवली : झुडूप वरून छाटायचं नाही, कारण ते दुप्पट फुटतं. जमिनीखाली दोन-तीन इंचांवर मुळाचा मुख्य खोडका तोडायचा आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. नंतर मोकळ्या झालेल्या जागेत लगेच स्थानिक गवत पेरायचं. यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जागा रिकामी ठेवली की तोच पाहुणा परत येतो, नाहीतर त्याचा चुलतभाऊ येतो.

तेव्हा माझ्या सोसायटीपुरत्या पाच सूचना. ठराव म्हणून पुढच्या सभेत मांडाव्यात, ही विनंती.

एक. दर वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये दोन-दोन रविवार गाजर गवत मुळासकट उपटायचं, फुलं यायच्या आधी. माती ओली असते, सहज निघतं. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क सगळ्यांना. दमा किंवा त्वचेचा त्रास असलेल्यांनी खिडकीतून सूचना द्याव्यात, त्यांत आपण तरबेज आहोतच. फुलावर न आलेलं खतखड्ड्यात चालेल. फुलावर आलेलं अजिबात नाही. १६ ते २२ ऑगस्ट हा देशभर गाजर गवत जागृती सप्ताह असतो. स्वातंत्र्यदिनाच्या झेंडावंदनाला सगळे जमतातच; त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येईल.

दोन. उपटलेल्या जागी टाकळा पेरायचा. पावसाळ्यात आपोआप उगवणारा, आपण ज्याची भाजी करतो तो. तो दाट वाढतो आणि गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. थंडीत वाळलेल्या शेंगा गोळा करून ठेवायच्या आणि वळवाच्या पावसाच्या सुमारास फेकायच्या. खर्च शून्य.

तीन. भिंतीवरची मोठी गिरिपुष्पं एकदम तोडायची नाहीत. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि एकदम तोडली तर ऊन आणि धूळ आपल्याच घरात येईल. दर वर्षी शेंगा पिकण्याआधी छाटायच्या, आजूबाजूची रोपं उपटायची, आणि मधल्या जागेत बहावा, पळस, पांगारा, शिवण, करंज अशी आपल्याकडची झाडं लावायची. ती मोठी झाली की मग परवानगी घेऊन एकेक जुनं काढायचं. ज्यांना गुलाबी फुलं आवडतात त्यांच्यासाठी पांगारा लाल आहे, बहावा पिवळा आहे.

चार. गेटवर तपासणी. नुसती माणसांची नव्हे, मातीचीही. वाळूच्या, मातीच्या आणि शेणखताच्या ट्रकमधून बी येतं, नर्सरीच्या कुंडीतून शंखी गोगलगायीची अंडी येतात. ही आफ्रिकन गोगलगाय १८४७ मध्ये कोलकात्याच्या बागेत सोडली गेली, आणि २०२२ मध्ये लातूर-बीडकडच्या शेतकऱ्यांच्या सोयाबीनचं गोगलगायींनी काय केलं ते आपण पेपरात वाचलं आहे. ती उघड्या हाताने उचलायची नाही, तिच्यात माणसाला बाधणारे जंत असू शकतात. हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाकायची. आणि फिशटँकमधले मासे, शेवाळ, लाल कानांचं कासव यांचा कंटाळा आला तर नाल्यात किंवा तळ्यात सोडायचं नाही. ती त्या प्राण्यावर दया नसते, तळ्यातल्या बाकीच्यांवर अन्याय असतो.

पाच. अंदाजपत्रकात ही बाब निदान तीन वर्षं सलग ठेवायची. जमिनीत पडलेलं बी काही वर्षं टिकतं. एका वर्षी जोमाने काढलं आणि दुसऱ्या वर्षी विसरलो, तर पहिल्या वर्षाचा खर्चही बुडीत.

मी खूप वेळ घेतला. घरून निघताना हिने दोन सूचना दिल्या होत्या. “लांबवू नका, आणि माझ्या मानेची गोष्ट सांगाल तेव्हा माझ्याकडे बघू नका.” दोन्ही पाळता आल्या नाहीत. तिला आता बरं आहे. पण पावसाळ्यात अजूनही आमच्या बेडरूमची मागची खिडकी बंद असते. पंचवीस वर्षांपूर्वी हा फ्लॅट घेताना, टेकडीवरचा वारा येईल म्हणून तिने हौसेने निवडलेली खिडकी आहे ती.

शेवटी खजिनदारांना एक विनंती. २००४ मध्ये मी सोसायटीचे २,४०० रुपये वाचवले होते. ते वाचले नव्हते, हे आता कळलं आहे. आठ टक्के चक्रवाढ दराने वीस वर्षांचे ११,१८६ रुपये होतात. वरचे तीस पैसे मी सोडून दिले आहेत. हा चेक. बाब तीच लिहावी : ‘मागील मोकळ्या जागेतील गवत काढणे.’ आणि पुढच्या वेळी कुणी त्यावर लाल रेघ मारायला लागलं, तर त्याला आमच्या घरी चहाला पाठवा. ती खिडकी दाखवतो.